फैजपूरची भट्टी, तीन रोपं आणि पापडाचा खार

पहाटे गाडीच्या डिकीत धुण्याच्या सोड्याची दोन पोती चढवत होतो, तेव्हा शेजारच्या कुंदाताई खिडकीत आल्या आणि त्यांनी विचारलं, "आज भट्टी आहे का? खिडक्या लावून घेऊ?" मी म्हटलं, नाही हो, खानदेशात चाललोय. त्या "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. तेव्हा त्या बोलण्याचं काही वाटलं नाही. तसं ते रोजचंच होतं.

माझा धंदा कुंभारकामाचा. पुण्याबाहेर मुळशीच्या रस्त्याला, घराला लागूनच माझी कार्यशाळा आहे आणि गेली बारा वर्षं मी मिठाच्या भट्टीसाठी ओळखला जातो. ज्यांना हे नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भट्टी साडेबाराशे अंशांच्या आसपास तापली की तिच्यात जाडं मीठ टाकायचं. मिठाची वाफ भांड्यांवर बसते आणि संत्र्याच्या सालीसारखी दाणेदार चकाकी येते. लोणच्याच्या जुन्या बरण्यांवर दिसायची तशी. धुराड्यातून मात्र पांढरा, घशाला झोंबणारा धूर निघतो. मिठातला क्लोरीन वाफेशी मिळून त्याचं आम्ल होतं, तेच ते. विद्यार्थी विचारायचे, सर, याचा कुणाला त्रास होत नाही का? मी ठरलेलं उत्तर द्यायचो: धूर वर जातो, कुणाला काही होत नाही.

हे उत्तर घेऊन सुजाता फैजपूरला गेली होती. तीन वर्षं माझ्याकडे शिकली. हाताला चांगली, स्वभावाने शांत, आणि माझ्या चुका मला तोंडावर न सांगणारी. गावाकडे वडिलांच्या केळीच्या शेतात, अगदी बांधाला लागून, तिने स्वतः विटा रचून गॅसची भट्टी बांधली. मी निघण्याच्या काही दिवस आधी तिने मला एक फोटो पाठवला. केळीचं पान होतं, आणि त्याची कड हातभर करपलेली. खाली लिहिलं होतं, "सर, शेजारच्या नानांच्या बागेतल्या पहिल्या दोन ओळी. सोमवारी विटा उतरवायला घेते."

मी फोन केला. भट्टी पाडू नको, मी येतोय, मिठाऐवजी सोडा वापरून बघू, त्यात क्लोरीन नसतो, असं भराभर बोललो. ती म्हणाली, नाना एकदाच परवानगी देतील, पुन्हा नाही. मग हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता ना सर, की कुणाला काही होत नाही." मी म्हटलं, रविवारी पोचतो.

पुण्याहून धुळं साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर आहे. संगमनेर, सिन्नर, नाशिक टाळून चांदवडला आग्रा रस्त्याला लागायचं, मालेगाव ओलांडायचं, आणि लळिंगचा किल्ला डावी-उजवी करत समोर आला की धुळं आलं. रस्ता उत्तम आहे, फक्त टोलनाके मोजत बसू नका, रक्तदाब वाढतो. फेब्रुवारीचा शेवट होता आणि दुपारी ऊन चांगलंच भाजत होतं. धुळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. इकडची शेवभाजी म्हणजे तिखटपणाची परीक्षाच असते. मी पास झालो, पण नाक गळत गळत. ढाब्याचे मालक गाडीतल्या पोत्यांकडे बघत होते. ते म्हणाले, "भाऊ, हाई बठ्ठं पांढरं काय शे?" मी म्हटलं, धुण्याचा सोडा. पन्नास किलो सोडा घेऊन पुण्याहून इथे कपडे धुवायला आलेला माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदा पाहिला असावा. पाण्याची आणखी एक बाटली त्यांनी पैसे न घेता दिली.

धुळ्यात बसस्थानकाजवळ नऊशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अमळनेर, तिथून तापीचा पूल ओलांडून चोपडा, आणि पुढे यावलवरून फैजपूर. हा रस्ता मुद्दाम करा. अमळनेरपर्यंत कापसाची रानं. वेचणी संपून नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. चोपड्यापुढे डाव्या हाताला सातपुडा सोबत चालायला लागतो आणि यावल आलं की रंगच बदलतो, दोन्ही बाजूंना केळीच केळी. रस्त्यात केळीने भरलेले ट्रक वळणावर जागा देत नाहीत, हॉर्न वाजवून उपयोग नाही. ज्यांना गाडी नको, त्यांनी रेल्वेने भुसावळला उतरावं, तिथून फैजपूरला एसटी भरपूर आहेत.

सुजाताचं शेत गावाबाहेर चार-पाच किलोमीटरवर आहे. तिने चहा देण्याआधी मला बांधावर नेलं. फोटोत पान होतं तेवढंच मी पाहिलं होतं. प्रत्यक्षात पुरुषभर उंचीच्या झाडांच्या दोन अख्ख्या ओळी कडेने तपकिरी पडल्या होत्या, आणि तिसऱ्या ओळीपासून बाग हिरवीगार. धूर कुठवर गेला होता ते कुणीतरी आखून दाखवल्यासारखं. मला लाज वाटली. विद्यार्थिनीसमोर वाटली म्हणून जास्तच वाटली.

वासुदेवनाना पलीकडून आले. सत्तरीचे, डोक्याला रुमाल, हातात विळा. मी तयारी करून ठेवलेली सगळी वाक्यं घशात राहिली, कारण त्यांनी आधी मला रामराम केला आणि प्रवास कसा झाला ते विचारलं. मग म्हणाले, "सर, मी भांडाले नही आलो. पोरगी आमच्या अंगाखांद्यावर वाढेल आहे. पण घड नेमका आता भरू राह्यला, अन् पान जयलं त घड काय खाईन?" पान जळलं तर घडाला अन्न कुठून, एवढं साधं. मी त्यांना सोड्याचं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरी जाऊन पिशवीतली केळीची तीन रोपं आणली, लावणीतून उरलेली, वीतभर उंचीची. ती त्यांनी धुराड्याच्या बाजूच्या कठड्यावर वाऱ्याच्या दिशेला मांडली. एक अगदी जवळ, बाकीची दोन त्यापुढे दोन-दोन हातांवर. धूर कसा आहे ते हे सांगतील, म्हणाले. भट्टी लागल्यावर रोपं दोन दिवस तगली तर ती राहील, नाहीतर सुजाता स्वतः विटा उतरवेल. सुजाताने मान डोलावली. मीही डोलावली, पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरा दिवस भट्टी भरण्यात गेला. पन्नासेक भांडी होती: वाडगे, पेले आणि मधोमध दोन मोठ्या बरण्या. त्यातली एक कमलअक्कांची, म्हणजे नानांच्या पत्नींची. कैरीच्या लोणच्यासाठी त्यांनी ती सुजाताकडे दिवाळीतच मागून ठेवली होती. पान जळल्यावरही त्यांनी ती नको म्हटली नव्हती. दुपारी त्यांच्या अंगणात उडदाच्या पापडांचा घाट होता. सात-आठ बायका गोल बसलेल्या. आम्हाला लाट्या खायला बोलावलं. पापडाच्या पिठाची कच्ची लाटी तेलात बुडवून खायची. पहिल्यांदा खाणाऱ्याला विचित्र वाटतं आणि चौथी मागताना लाज वाटते. मी पाच खाल्ल्या.

चुलीवर पातेल्यात पाणी खळखळत होतं, त्यात अक्का पापडखार आणि मीठ घालत होत्या. मी सहज विचारलं, पिठातच का मिसळत नाही, इतका उपद्व्याप कशाला? अक्का म्हणाल्या, कोरडा मिसळला तर एका जागी बसतो, तळल्यावर पापडाला लाल डाग पडतात. उकळून, गाळून घेतला की सगळीकडे सारखा लागतो. मी हं म्हटलं आणि सहावी लाटी घेतली. पापडखार म्हणजे सोडाच, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि डोक्यात शिरणं यांच्यात माझ्याबाबतीत बरंच अंतर पडतं.

चौथ्या दिवशी पहाटे भट्टी पेटवली. दुपारी तीनच्या सुमाराला झरोक्यातून पाहिलं तर आतले छोटे शंकू वाकले होते, म्हणजे तापमान गाठलं होतं. आम्ही मास्क, चष्मे, हातमोजे चढवले. मी बारा वर्षांच्या सवयीने सोडा कागदाच्या पुड्यांत बांधला आणि मिठासारखाच एकेक पुडी आत टाकत गेलो. पांढरा धूर आला नाही. नाना रोपांजवळ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी वर धुराड्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात विजयाचं भाषण सुरू केलं.

आत काय चाललंय ते कळावं म्हणून मातीच्या कड्या ठेवलेल्या असतात. सळईने एक बाहेर काढली. कोरडी ठणठणीत. अर्ध्या तासाने दुसरी काढली, तीही तशीच. निस्तेज, राखाडी, कसलाही मुलामा नाही. झरोक्यातून पाहिलं तर खाली पुड्या जिथे पडल्या तिथेच वितळून गोळे झाले होते. मीठ वाफ होऊन पसरतं, सोडा तसा पसरत नाही. मी आणखी पुड्या टाका म्हटलं. तिसरी कडीही कोरडीच आली. सुजाताने ती वाळूत ठेवली आणि गॅसच्या टाक्यांकडे पाहिलं. दोन तास पुरेल इतकाच गॅस उरला होता. त्या पाहण्याचा मला राग आला, आणि राग खरं तर स्वतःचाच होता. हिची भट्टी माझ्या एका बेफिकीर वाक्यामुळे अडचणीत आली आणि आता माझ्याच दुसऱ्या बेफिकिरीने जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या. वाळूतल्या कड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. पुड्यांकडे पाहिलं.

"कोरडाच टाकला का तुम्ही खार?"

मी हो म्हटलं.

"मंग तो सगयीकडे कसा लागीन? काल सांगतलं होतं नं तुमाले. उकयून घ्या पाण्यात."

सुजाता माझ्याआधी उठली. पातेलं, चूल, पाणी. अक्कांनी स्वतः सोडा विरघळवला, फडक्यातून गाळला. आता हे गरम पाणी भट्टीत न्यायचं कसं? ओतलं तर भांडी तडकणार. फवाराच हवा. सुजाताकडे प्लॅस्टिकचा बाग शिंपायचा पंप होता, त्याचं तोंड झरोक्याजवळ नेताच मऊ पडून वाकलं. मी डोक्याला हात लावला.

नाना खुर्चीतून उठून घरी गेले. मला वाटलं कंटाळून गेले. दहा मिनिटांनी परत आले ते जुना पितळी फवारणीचा पंप घेऊन. लांब पितळी नळी, हाताने दाब भरायचा. विहिरीवर तीनदा धुतला, मग चौथ्यांदा धुतला, औषधाचा वास राहायला नको म्हणून. केळीवर वर्षानुवर्षं मारलेला तो पंप. त्याच्या नळीच्या टोकाला सुजाताने स्टीलचा तुकडा बसवला. नाना म्हणाले, दाब मी देतो, तू मार. आणि ते खरोखरच मास्क लावून पंपाशी उभे राहिले. ज्या भट्टीविरुद्ध तक्रार, तिच्याच तोंडाशी.

चार-पाच सेकंदांचा फवारा, झरोका बंद. थांबायचं. पुन्हा फवारा. आतून चुर्र आवाज यायचा, धुराड्यातून पातळ वाफ निघायची आणि दोन हातांवर विरून जायची. नाना दर वेळी मान वळवून रोपांकडे बघत होते. मी काय केलं? मी पाणी गरम ठेवलं. शिक्षकाला शेवटी चुलीजवळचं काम मिळालं आणि ते मी नीट केलं. चौथी कडी काढली, पाण्यात बुडवली, सुजाताने ती उन्हात धरली. दाणेदार, मधाच्या रंगाची, ओली वाटणारी चकाकी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, मी ते मास्कवर ढकललं.

पाचवा दिवस नुसता थांबण्याचा. भट्टी थंड होईपर्यंत उघडायची नाही. संध्याकाळी शेतातच पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत झालं, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या आणि कच्चा कांदा. या भागात याल तर भरीत हॉटेलात नका खाऊ, कुणाच्या तरी शेतात खा, ओळख नसेल तर काढा. फैजपूरला राहायची सोय बेताची आहे, भुसावळला मुक्काम करणं सोपं. सुजाता दर तासाला रोपं बघून येत होती. धुराड्याजवळचं रोप दुपारपासून मान टाकायला लागलं होतं, आणि ते मी, सुजाताने आणि नानांनी, तिघांनीही पाहिलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी नाना आले. आधी लांबची दोन रोपं उचलली. पानं ताठ, कडा हिरव्या. मग जवळचं उचललं. त्याची दोन पानं मधूनच मोडल्यासारखी लोंबत होती. सुजाता माझ्या शेजारी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. नानांनी पान बोटांत धरलं, उलटं केलं, कड चाचपली, नाकाशी नेलं. बराच वेळ लावला. खोटं बोलायचं असतं तर एका क्षणात होऊन गेलं असतं, हे माझ्या लक्षात आलं.

"खारानं पान कडेपासून जयते," ते म्हणाले. "हे मधून वाकलं. गरमीनं. पाणी घाल याले."

एवढंच. सुजाता खाली बसली. मग उठून तिने नानांच्या पायांना हात लावला, तर ते म्हणाले, आधी अक्काची बरणी काढ.

बरणी उत्तम निघाली. मिठाच्या भट्टीपेक्षा रंग थोडा वेगळा, एका बाजूला फवारा जास्त लागल्याने तिथे गडद, दुसऱ्या बाजूला फिकट. खालच्या फळीवरची दहा-बारा भांडी माझ्या पुड्यांच्या गोळ्यांनी वाया गेली, ती मी माझ्या नावावर घेतली. हे मिठासारखंच होतं का, असं मला पुण्यातल्या मित्रांनी विचारलं. नाही. वेगळं होतं आणि मला आवडलं. ज्यांना करून बघायचं असेल त्यांना सांगतो: सोडा उकळत्या पाण्यात विरघळवा, गाळा, थोडा थोडा मारा, मास्क-चष्म्याशिवाय भट्टीजवळ जाऊ नका, आणि शेतीचा पंप यासाठी एकदा वापरला की पुन्हा पिकावर वापरू नका. नानांनी त्यांचा पंप म्हणूनच सुजाताकडे ठेवून दिला. आता हा तुझा, म्हणाले. निघताना अक्कांनी मला पापडांची चळत दिली आणि परत एकदा सांगितलं, उकळून.

परतीला एका दमात पुणं गाठलं. उतरल्यावर आधी माझ्या भट्टीमागे गेलो. धुराड्याच्या बाजूला एक आंब्याचं झाड आहे. त्याची भट्टीकडची फांदी किती तरी वर्षं नीट फुटत नाही. मी सगळ्यांना सांगायचो की कीड लागली आहे. त्या दिवशी पानं चाचपून पाहिली. कडेपासून जळलेली होती.

पंधरा दिवसांनी सुजाताचा फोन आला. तिन्ही रोपं नानांनी भट्टीच्या बांधालाच लावली, वाकलेलं रोप सगळ्यात जवळ. मग तिने विचारलं, सर, तुमची भट्टी? मी म्हटलं, मिठाचं पोतं कुणाला तरी देऊन टाकलं. पितळी पंप शोधतोय.

पंप जुन्या बाजारात सापडला. गेल्या रविवारी माझी पहिली सोड्याची भट्टी लागली. सकाळी बाहेर आलो तर कुंदाताईंच्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. मी काही निरोप दिला नव्हता, त्यांनी गॅसच्या टाक्या उतरताना पाहिल्या असणार. बारा वर्षं मी दर भट्टीच्या दिवशी त्यांना निरोप पाठवत आलो होतो, खिडक्या लावून घ्या म्हणून. कुणाला काही होत नाही असं विद्यार्थ्यांना शिकवणारा माणूस शेजाऱ्यांना खिडक्या का लावायला सांगत होता, हे मला बारा वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

मी त्यांच्या दारावर गेलो आणि म्हटलं, आज खिडक्या उघड्या ठेवा. बारा वर्षांसाठी माफी मागायला आलोय, हेही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग धुराड्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराची एक खिडकी उघडली, बाकीच्या तशाच ठेवल्या, आणि त्या एका खिडकीत संध्याकाळपर्यंत उभ्या राहिल्या.